एका छताखाली : विनयपिटकातील विहाराचे नियम

विनयपिटक म्हटले की आपल्यापैकी पुष्कळ उपासक-उपासिकांची अशी समजूत असते की, हा भिक्खूंचा कायदा आहे, त्याच्याशी आपल्याला काय करायचे? अभ्यासवर्गात धम्मपदाचे वाचन होते, ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथावर प्रवचने होतात, पण विनयाचे खंड मात्र बहुतेक ठिकाणी कपाटातच राहतात. आमच्या मते हे आपले नुकसान आहे. भिक्खूंचे २२७ आणि भिक्खुनींचे ३११ शिक्षापद असलेले पातिमोक्ख हा विनयाचा गाभा आहे हे खरेच. परंतु महावग्ग आणि चुल्लवग्ग हे जे दोन मोठे भाग आहेत, त्यांत अडीच हजार वर्षांपूर्वी निरनिराळ्या जातींची, निरनिराळ्या वयांची आणि स्वभावांची माणसे एका घरात कशी राहिली, कशावरून भांडली आणि त्यावर काय तोड निघाली, याची नोंद आहे. अशी नोंद भारतातील दुसऱ्या कोणत्या प्राचीन ग्रंथात इतक्या बारकाईने मिळेल, असे आम्हांस वाटत नाही.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत जे भाषण केले, त्यात भिक्खूसंघाचा उल्लेख आहे. आसनव्यवस्था, ठराव मांडणे, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान हे सर्व संघाला ठाऊक होते, संसदीय पद्धत भारताला परकी नव्हती, असे त्यांनी सभेपुढे मांडले. हे भाषण आपण दरवर्षी आठवतो. पण ज्या संघाने मतमोजणीचे नियम केले, त्याच संघाने पाण्याचा माठ कोणी भरायचा आणि संडासाचे दार उघडण्यापूर्वी काय करायचे याचेही नियम केले, हे आपल्याला माहीत नसते. या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत. ज्या घरात माठाचा प्रश्न सुटत नाही, तिथे ठरावाचाही सुटत नाही. वसतिगृहात राहणारे विद्यार्थी, चाळीत आणि वसाहतीत राहणारी कुटुंबे, विहाराच्या समितीवर काम करणारे कार्यकर्ते, या सर्वांनी म्हणूनच हा भाग एकदा तरी वाचावा.

आधी घर, मग नियम

सुरुवातीला भिक्खूंना घरच नव्हते. अरण्यात, झाडाखाली, डोंगराच्या कपारीत, स्मशानात, गवताच्या गंजीजवळ ते राहत. चुल्लवग्गाच्या सहाव्या खंधकात सांगितले आहे की, राजगृहाच्या एका श्रेष्ठीने पहाटे या ठिकाणांहून बाहेर पडणारे शांत चर्येचे भिक्खू पाहिले आणि आपण विहार बांधले तर तुम्ही त्यांत राहाल का, असे त्यांना विचारले. भिक्खूंनी भगवंतांना विचारले. भगवंतांनी पाच प्रकारच्या निवासांना अनुमती दिली आणि त्या श्रेष्ठीने एका दिवसात साठ विहार उभे केले, असे ग्रंथ सांगतो.

येथपासून खरी गंमत सुरू होते. झाडाखाली राहणाऱ्या दोघांचे भांडण होण्याचे कारण थोडे. एकाने दुसरे झाड गाठले की झाले. पण छत आले, भिंत आली, खाट, बिछाना, पाण्याचे भांडे आले की ‘माझे’, ‘तुझे’ आणि ‘सर्वांचे’ असे तीन प्रश्न एकदम उभे राहतात. विनयातील निवासाचे बहुतेक नियम या तिसऱ्या शब्दाभोवती फिरतात. संघाची वस्तू ती सर्वांची. ती कोणा एकाची होऊ द्यायची नाही आणि सर्वांची म्हणून कोणाचीच नाही अशी पडूही द्यायची नाही.

संघाची खाट, खुर्ची, गादी उघड्यावर मांडून तशीच टाकून निघून जाणे हा चौदाव्या पाचित्तिय नियमाप्रमाणे दोष आहे. निघताना ती उचलून ठेवावी, नाही तर कोणाला तरी सांगून जावे. त्यानंतरच्या तीन-चार नियमांतली माणसे तर आपल्या ओळखीची वाटतात. एखादा आधीच येऊन राहिलेला आहे हे माहीत असून त्याच्या अंगाला खेटून पथारी टाकायची, म्हणजे ज्याला अडचण होईल तो आपोआप जाईल, हा सोळाव्या नियमातला दोष. सतराव्याची कथा अशी की, सतरा भिक्खूंच्या एका गटाने वर्षावासासाठी एक मोठा पडका विहार दुरुस्त करायला घेतला. छब्बग्गिय नावाने प्रसिद्ध असलेल्या उपद्रवी भिक्खूंनी ते पाहिले. आताच हाकलण्याऐवजी दुरुस्ती पुरी होऊ द्यावी आणि मग यांना बाहेर काढावे, असे त्यांनी आपसात ठरवले आणि तसेच केले. रागाने दुसऱ्या भिक्खूला संघाच्या विहारातून बाहेर काढणे हा दोष या प्रसंगावरून ठरला. अठरावा नियम माळ्यावर राहणाऱ्यांसाठी आहे. वरच्या माळ्यावर पाय निघणारी खाट होती, वरचा भिक्खू तिच्यावर धप्पकन बसला, खाटेचा पाय निसटून खालच्या भिक्खूच्या डोक्यावर आदळला आणि तो ओरडला. वरच्या मजल्यावर राहणाऱ्याने खाली कोणी राहते हे ध्यानात ठेवून वागावे, ही अपेक्षा इतकी जुनी आहे!

जागा कोणाला?

एकदा भिक्खूसंघ प्रवासात असताना छब्बग्गियांचे शिष्य पुढे धावत गेले आणि हा निवास आमच्या उपाध्यायांचा, हा आमच्या आचार्यांचा, हा आमचा, असे म्हणून त्यांनी सर्व जागा धरून ठेवल्या. एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारे आपण रोज पाहतो, त्यातलाच हा प्रकार. मागाहून आलेल्या सारिपुत्तांना जागा मिळाली नाही आणि त्यांनी रात्र झाडाखाली काढली. पहाटे भगवंत उठून खाकरले, तिकडून सारिपुत्तही खाकरले, तेव्हा ही गोष्ट उघड झाली.

भगवंतांनी संघाला प्रश्न केला की, उत्तम आसन, उत्तम पाणी आणि उत्तम भिक्षा यांना पात्र कोण? उत्तरे लक्ष देऊन वाचण्यासारखी आहेत. कोणी म्हणाले, जो क्षत्रिय कुळातून आला तो. कोणी म्हणाले, ब्राह्मण कुळातला. कोणी म्हणाले, गृहपती कुळातला. कोणी विद्येचे नाव घेतले, कोणी ध्यानाचे. म्हणजे घर सोडून, चीवर पांघरूनही कुळ मनातून गेलेले नव्हते. भगवंतांनी यांपैकी एकही उत्तर स्वीकारले नाही. तित्तिर पक्षी, वानर आणि हत्ती या तिघांची गोष्ट सांगून, वंदन, आसन, पाणी आणि भिक्षा यांत ज्येष्ठतेचा क्रम त्यांनी घालून दिला, आणि ही ज्येष्ठता म्हणजे उपसंपदेची वर्षे. जन्म, कुळ, पूर्वीचे धन यांची गणना त्यात नाही.

या क्रमाचा अर्थ काय होतो ते उपालीच्या प्रसंगावरून कळते. शाक्य कुमार प्रव्रज्या घ्यायला निघाले, तेव्हा त्यांच्याबरोबर त्यांचा न्हावी उपालीही होता. शाक्यांचा मान मोठा आहे, तो मोडावा म्हणून उपालीला आमच्या आधी प्रव्रज्या द्यावी, म्हणजे आम्हांला त्याला वंदन करावे लागेल, अशी विनंती त्या कुमारांनी स्वतःच केली. त्या कुमारांत एक अनुरुद्ध होता. तीन ऋतूंसाठी तीन प्रासाद असलेला, घरकाम आणि शेतकाम म्हणजे काय हे भाऊ महानामाकडून ऐकून ते संपतच नाही म्हणून कंटाळलेला असा हा सुकुमार मुलगा. त्याचे पुढे काय झाले ते आपण थोड्या वेळाने पाहणार आहोत.

ज्येष्ठतेचा क्रम ठरला, तरी रोज येणाऱ्या-जाणाऱ्या शेकडो माणसांना जागा नेमून द्यायची कोणी? त्यासाठी संघ ठराव मांडून एक भिक्खू नेमी. त्याच्या अंगी पाच गोष्टी हव्यात : लोभाने, द्वेषाने, अज्ञानाने किंवा भयाने त्याने पक्षपात करता कामा नये, आणि कोणती जागा दिली गेली आहे व कोणती नाही हे त्याला ठाऊक असावे. पहिल्या चार गोष्टी नैतिक आहेत, पाचवी निव्वळ हिशेबाची आहे. नियमकर्त्याला माणूसही कळत होता आणि कारभारही कळत होता, हे यावरून दिसते. नुसता सज्जन गृहपाल पुरत नाही. त्याची वहीसुद्धा नीट हवी.

हे काम दब्ब मल्लपुत्त या भिक्खूने फार चांगले केले. सुत्ते पाठ करणाऱ्यांना तो एकत्र जागा देई, विनयाची चर्चा करणाऱ्यांना एकत्र, ध्यान करणाऱ्यांना एकत्र, म्हणजे एकाच्या पाठांतराने दुसऱ्याचे ध्यान मोडू नये. गप्पिष्टांनाही तो एकत्रच ठेवी. त्यांचाही दिवस सुखाने जावा, असा त्याचा विचार! आणि अशा माणसाच्या वाट्याला काय आले? मेत्तिय आणि भुम्मजक या दोन नव्या भिक्खूंना वाईट जागा आणि निकृष्ट भोजन मिळाले, त्याचा राग धरून त्याच्यावर खोटा आळ आणला गेला. संघाने चौकशी केली आणि दब्ब निर्दोष ठरला. मंडळाच्या आणि वसतिगृहांच्या कारभारात ज्यांनी केस पांढरे केले आहेत, त्यांना ही कथा वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

पाण्याचा माठ आणि संडास

चुल्लवग्गाचा आठवा खंधक वत्तक्खंधक म्हणून ओळखला जातो. वत्त म्हणजे रीत, कर्तव्य. येणाऱ्याने कसे यावे, राहणाऱ्याने त्याचे कसे करावे, जाणाऱ्याने कसे जावे, भोजनशाळेत, स्नानगृहात, संडासात कसे वागावे, हे सर्व येथे आहे.

येणाऱ्याने आवारात शिरण्यापूर्वी वहाणा काढाव्यात, त्या झाडून हातात खाली धराव्यात, छत्री मिटावी, डोक्यावरचे वस्त्र काढावे आणि सावकाश आत यावे. पिण्याचे पाणी कोणते, वापरायचे कोणते, हे आधी विचारावे. पाय धुताना एका हाताने पाणी ओतावे, दुसऱ्याने पाय चोळावेत. जागा कोणती, ती कोणी वापरते की रिकामी आहे, संडास कुठे, आणि या विहारात संघाने काय ठरवले आहे, किती वाजता आत यायचे आणि किती वाजता बाहेर पडायचे, हेही त्याने विचारून घ्यावे. या स्थानिक ठरावाला पालीत कतिका असा शब्द आहे. मूळ विनय सर्वत्र एकच, पण प्रत्येक घराची कतिका त्या घरातल्यांनी ठरवायची.

रिकाम्या खोलीतही एकदम घुसायचे नाही. दार वाजवावे, क्षणभर थांबावे, कडी काढावी, दार उघडून बाहेरूनच पाहावे. मग स्वच्छता. सामान बाहेर काढताना खाट दाराच्या चौकटीला घासू द्यायची नाही. जळमटे आधी छताची काढायची, भिंत गेरूने रंगवलेली असेल तर फडके ओले करून पिळून पुसायचे, जमिनीवर पाणी शिंपडून झाडायचे म्हणजे धूळ उडणार नाही. गाद्या-चटया उन्हात घालून झटकून आणायच्या आणि जिथे होत्या तिथेच ठेवायच्या. थंडीत खिडक्या दिवसा उघड्या, रात्री बंद. उन्हाळ्यात दिवसा बंद, रात्री उघड्या. घरातल्या आईने मुलीला सांगावे असे हे सगळे आहे, आणि ते त्रिपिटकात आहे.

संडासाच्या नियमांमागे एक घटना आहे. तिथेही ज्येष्ठतेचा क्रम लावला गेला. परिणाम असा झाला की, नवे भिक्खू आधी येऊनही ज्येष्ठांसाठी थांबून राहत आणि वेग रोखून काही जण मूर्च्छित होऊन पडत. भगवंतांच्या कानावर हे गेले, तेव्हा त्यांनी तिथला क्रम बदलला. जो आधी येईल तो आधी जाईल. आम्हांला हा नियम फार मोलाचा वाटतो. वंदनात, आसनात, पाण्यात, भिक्षेत ज्येष्ठता. पण शरीराच्या गरजेपुढे ज्येष्ठता नाही. नियम चांगला असला तरी तो कुठे लावायचा आणि कुठे नाही याची जाण हवी, आणि लावून चुकीचा परिणाम दिसला तर तो बदलण्याची तयारी हवी, हे स्वतः तथागतांनी करून दाखवले.

बाकीची रीत अशी : बाहेर उभ्या असलेल्याने खाकरावे, आत बसलेल्यानेही उत्तरादाखल खाकरावे. चीवर दांडीवर किंवा दोरीवर ठेवून मग आत जावे. घाईने शिरू नये, कण्हू नये, आत बसून दात घासत राहू नये. जागा घाण झालेली दिसली तर धुवावी. पाण्याचे भांडे रिकामे असेल तर भरून ठेवावे. ती घाण कोणी केली, हा प्रश्न नियमात कुठेच विचारलेला नाही. जो पाहील, त्याचे ते काम.

मुंबईच्या बी.डी.डी. चाळी ज्यांनी अनुभवल्या आहेत, त्यांना याचे महत्त्व पटेल. १९२० च्या दशकात बांधलेल्या या चाळींत एका मजल्यावर वीस खोल्या आणि संडास-मोरी सर्वांची मिळून. बाबासाहेबांचे कुटुंबही परळच्या बी.आय.टी. चाळीत अनेक वर्षे राहिले. अशा ठिकाणी माणसाची ओळख त्याच्या भाषणावरून होत नसे, मोरीवरून होत असे. आता पुनर्विकासात घराघरात संडास आले, पण जिना, पाण्याची टाकी, लिफ्ट, आवार हे सामाईकच राहिले आहे. प्रश्न मोरीतून जिन्यात सरकला एवढेच.

आजाऱ्याचे कोण?

महावग्गाच्या आठव्या खंधकातील प्रसंग प्रसिद्ध आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. भगवंत आनंदाबरोबर निवास पाहत फिरत असताना अतिसाराने आजारी झालेला एक भिक्खू आपल्याच मलमूत्रात पडलेला दिसला. जवळ कोणी नव्हते. आनंदाने पाणी आणले, भगवंतांनी ते ओतले, आनंदाने त्याला धुतले, मग डोक्याकडून भगवंतांनी आणि पायांकडून आनंदाने उचलून त्याला खाटेवर निजवले. इतरांना विचारले असता उत्तर मिळाले की, हा कोणाच्या उपयोगी पडत नाही, म्हणून कोणी याच्याकडे पाहत नाही. त्यावर भगवंतांनी त्यांना जाणीव दिली की, तुम्हांला इथे ना आई ना बाप, तुम्हीच एकमेकांचे केले नाही तर करणार कोण?

पुढचा भाग सहसा सांगितला जात नाही. शुश्रूषा आधी कोणाची जबाबदारी, नंतर कोणाची, असा क्रम तिथे लावून दिलेला आहे : उपाध्याय असेल तर त्याची, आचार्य असेल तर त्याची, शिष्य असेल तर त्याची, कोणीच नसेल तर सर्व संघाची. आणि आजाऱ्यालाही कर्तव्ये आहेत. पथ्य पाळावे, औषध घ्यावे, दुखणे जसे आहे तसे खरे सांगावे. औषध न घेणारा, पथ्य मोडणारा आजारी शुश्रूषेला कठीण, असे स्पष्ट म्हटले आहे. सेवा घेणे हाही सहजीवनाचा एक गुण मानला गेला.

कोसंबी आणि प्राचीनवंसदाय

इतके नियम असूनही भांडण झालेच. कोसंबीच्या घोषितारामात दोन विद्वान भिक्खू होते, एक विनयधर आणि दुसरा धम्मकथिक. अट्ठकथेत सांगितले आहे की, धम्मकथिकाने संडासातल्या भांड्यात वापरून उरलेले पाणी तसेच ठेवले. विनयधराने तो दोष असल्याचे सांगितले. हेतू नव्हता तर दोष नाही, असेही तोच म्हणाला, आणि नंतर आपल्या शिष्यांपाशी मात्र त्याला दोष केल्याचे कळतही नाही अशी वाच्यता केली. शिष्यांनी शिष्यांना ऐकवले, गट पडले, एकाला संघातून उत्क्षिप्त केले गेले आणि दुसऱ्या गटाने ते मानले नाही. भगवंतांनी समजावले, दीघावू राजपुत्राची वैर न वाढवण्याची कथा सांगितली. तेव्हा एका भिक्खूने त्यांनाच सुचवले की, आपण स्वस्थ राहावे, हे भांडण आम्ही पाहून घेऊ. भगवंत निघून गेले. तांब्याभर पाण्यापासून सुरू झालेल्या भांडणाने प्रत्यक्ष बुद्धांना घराबाहेर काढले!

यात नियमाचा दोष किती आणि माणसांचा किती, याचा विचार अभ्यासवर्गात अवश्य करावा. आमचे मत असे की, पाणी ठेवणे ही क्षुल्लक चूक होती. समोर ‘दोष नाही’ म्हणून पाठीमागे ‘दोष केला’ म्हणणे, यात भांडणाचे बी होते.

तेथून भगवंत प्राचीनवंसदाय या वनात गेले. तिथे अनुरुद्ध, नंदिय आणि किंबिल असे तिघे राहत होते. होय, तोच तीन प्रासादांचा अनुरुद्ध. तुम्ही सलोख्याने कसे राहता, असे भगवंतांनी विचारले तेव्हा अनुरुद्धाने जे सांगितले, त्याचा आशय असा : आपल्या मनाचे बाजूला ठेवून मी यांच्या मनाप्रमाणे वागतो, म्हणून आमची शरीरे वेगळी असली तरी चित्त जणू एकच आहे. पण एवढ्यावर तो थांबला नाही. भिक्षेहून जो आधी परत येतो तो आसने मांडतो, पाय धुण्याचे आणि पिण्याचे पाणी ठेवतो, उष्ट्याचे भांडे धुऊन ठेवतो. जो शेवटी येतो तो हवे तर उरलेले खातो, नाही तर हिरवळ नसलेल्या जागी टाकतो, सर्व उचलून भोजनाची जागा झाडतो. पिण्याच्या पाण्याचा, वापरण्याच्या पाण्याचा किंवा संडासाचा घडा जो रिकामा पाहतो, तो भरतो. एकट्याला उचलत नसेल तर हाताने खूण करून दुसऱ्याला बोलावतो. आणि दर पाचव्या दिवशी आम्ही रात्रभर बसून धम्मचर्चा करतो.

कोसंबीत संडासाच्या भांड्यावरून संघ फुटला, आणि इथे राजवैभवात वाढलेला माणूस तेच भांडे न बोलता भरत होता. ही दोन चित्रे ग्रंथात एकाच खंधकात आहेत.

नुसते मौन पुरत नाही

यावरून कोणी म्हणेल की, मग बोलूच नये, म्हणजे भांडणच नको. तसा प्रयोगही झालेला आहे. कोसल देशात काही भिक्खूंनी एकत्र वर्षावास केला आणि तीन महिने एकमेकांशी बोलायचेच नाही असे ठरवले. आसने मांडणे, माठ भरणे, हाताची खूण, सर्व व्यवस्था अनुरुद्धासारखीच, शब्दाला शब्द. वर्षावास संपवून ते मोठ्या समाधानाने भगवंतांकडे आले. भगवंतांनी त्यांची निर्भर्त्सना केली. गुराढोरांसारखे एकत्र राहून आपण सुखाने राहिलो असे तुम्ही म्हणता, असा त्यांचा रोख होता.

व्यवस्था तीच असताना एक स्तुतीला पात्र आणि दुसरी निंदेला, असे का? फरक पाचव्या दिवसाचा आहे. अनुरुद्ध आणि त्याचे सोबती माठासाठी बोलत नसत, पण दर पाच दिवसांनी रात्रभर बोलत. कोसलातले भिक्खू बोलण्याला भीत होते. याच प्रसंगी भगवंतांनी पवारणा घालून दिली. वर्षावासाच्या अखेरीस प्रत्येक भिक्खूने, सर्वांत ज्येष्ठापासून सुरुवात करून, संघाला हात जोडून विनंती करायची की, माझ्या वागण्यात काही दोष पाहिला असेल, ऐकला असेल किंवा शंका आली असेल तर अनुकंपेने मला सांगा. दुसऱ्याचे दोष सांगण्याची ही सभा नाही. आपले दोष मागून घेण्याची आहे, आणि ती ज्येष्ठापासून सुरू होते.

आपल्या वसतिगृहांसाठी

आपल्या चळवळीत वसतिगृहाला फार मोठे स्थान आहे. बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना १९२४ साली झाली आणि पुढच्याच वर्षी, १९२५ च्या जानेवारीत, सोलापुरात तिने वसतिगृह सुरू केले. शाळा काढण्याआधी राहण्याची सोय, हा क्रम विचारपूर्वक होता. ज्या मुलाला गावात भाड्याने खोली मिळत नव्हती, त्याला शाळेचा दरवाजा उघडा असून काय उपयोग? आजही समाजकल्याण विभागाची आणि संस्थांची वसतिगृहे हजारो मुलामुलींचे पहिले शहरी घर आहेत.

अशी काही वसतिगृहे आम्ही जवळून पाहिली आहेत. भिंतीवर नियमांचा फलक असतो आणि त्यातले बहुतेक नियम ‘मनाई आहे’ या शब्दांनी संपतात. गेट किती वाजता बंद, पाहुण्यास मनाई, दंड किती. पण नव्याने आलेल्या मुलाला पाणी किती वाजता येते, टाकी कुठे, पिण्याचे कोणते, हे कोणी सांगत नाही. ते त्याने चार दिवस तहानलेला राहून शिकायचे! विनयात येणाऱ्याने विचारायचे आहे आणि राहणाऱ्याने सांगायचे आहे. ज्येष्ठ आला तर उठून पुढे जावे, पात्र-चीवर घ्यावे, पाणी विचारावे. नवखा आला तर बसल्या जागेवरून का होईना, पण सर्व ठिकाणे त्याला सांगावीत, ही राहणाऱ्याची रीत आहे. ज्या खोलीत जुन्या विद्यार्थ्याने नव्याला पहिल्या दिवशी नळ दाखवला, त्या खोलीत रॅगिंगला जागा राहत नाही.

एका वसतिगृहात दुष्काळाच्या दिवसांत टँकरचे पाणी येई. खोलीवार पाळ्या लावल्या होत्या, तरी रोज भांडण होई, कारण आपली पाळी नसलेल्या दिवशी पिंप रिकामे दिसले तर कोणी हात लावत नसे. मुलांनीच पुढे ठरवले की, पाळी झाडण्यापुरती ठेवावी, पिंप मात्र जो रिकामे पाहील त्याने भरावे, आणि दर रविवारी रात्री जेवणानंतर सर्वांनी एकत्र बसावे. पहिल्या काही बैठका कडू झाल्या. नंतर गृहपालाने स्वतः उभे राहून आपल्याबद्दलच्या तक्रारी मागितल्या, तेव्हा मुले मोकळी झाली. त्यांनी विनय वाचला नव्हता. पण ज्या वसतिगृहांत अभ्यासवर्ग चालतात, तिथे आषाढी पौर्णिमा ते आश्विन पौर्णिमा या वर्षावासाच्या काळात वत्तक्खंधक वाचून आपली कतिका आपणच लिहावी, आणि अखेरीस पवारणेसारखी एक बैठक घ्यावी, अशी आमची सूचना आहे. गृहपाल आणि समितीच्या सभासदांनी आधी उभे राहावे.

भांडण विकोपाला गेले तर काय, असा प्रश्न विद्यार्थी नेहमी विचारतात. त्याचे उत्तर कोसंबीच्याच कथेच्या अखेरीस आहे. भगवंत निघून गेल्यावर कोसंबीच्या उपासकांनी त्या भिक्खूंना वंदन करणे आणि भिक्षा देणे बंद केले, तेव्हा दोन्ही गट भगवंतांकडे श्रावस्तीला आले. यांना कोठे ठेवायचे, असे सारिपुत्तांनी विचारले. वेगळ्या, मोकळ्या जागा द्याव्यात, मोकळ्या नसतील तर करून द्याव्यात, मात्र त्यासाठी कोणा ज्येष्ठाला त्याच्या जागेवरून उठवू नये, असे सांगितले गेले. आणि भोजनाचे काय? ते सर्वांना सारखे वाटावे. अनाथपिंडिक आणि विशाखा यांनाही दोन्ही गटांना दान द्यावे, दोघांचेही ऐकावे आणि जे धम्माप्रमाणे बोलतात त्यांचे मत मानावे, असेच सांगण्यात आले. तिथे त्या उत्क्षिप्त भिक्खूने विनयाचा विचार केला आणि आपल्याच बाजूच्या लोकांना जाऊन सांगितले की, हा दोषच होता आणि तो माझ्याकडून घडला. त्याला परत घेण्यात आले. मग संघाच्या ऐक्यासाठी सभा बोलावण्याचा नियम झाला. त्या सभेला आजारी असोत वा निरोगी, सर्वांनी स्वतः हजर राहायचे असते. इतर सभांना आजारी भिक्खू दुसऱ्याबरोबर आपली संमती पाठवू शकतो, या सभेला ती पाठवता येत नाही.